मोजक्या पैशांत हॉलचे पडदे: गोव्याच्या हवेत कोणते कापड टिकते आणि घरी कसे शिवावेत?

पर्वरीवासी:

नमस्कार मंडळी. पर्वरीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो असून हॉलला पडदे करायचे आहेत. पश्चिमेला ५ फूट रुंद आणि ४ फूट उंच अशी सरकती खिडकी आहे, आणि बाल्कनीकडे ६ फूट रुंद व ७ फूट उंच सरकते दार आहे. दुपारनंतर खिडकीतून ऊन थेट सोफ्यावर येते, आणि पावसाळ्यात त्याच बाजूने झड आत येते असे शेजारच्या काकूंनी सांगितले आहे. रॉडसकट सगळा खर्च पाच हजार रुपयांच्या आत बसवायचा आहे. घरमालकांनी भिंतीला मोजकी भोके पाडायला परवानगी दिली आहे. माझ्याकडे साधे शिलाईयंत्र आहे आणि सरळ टीप मला चांगली मारता येते.

मला विचारायचे आहे ते असे. आपल्याकडच्या दमट हवेत सुती कापड घ्यावे की पॉलिएस्टर? कापड किती लागेल याचा हिशेब कसा करावा? तयार पडदे स्वस्त पडतात का? शिवाय सासूबाईंच्या काही सुती साड्या कपाटात चांगल्या अवस्थेत आहेत, आणि त्यांचे पडदे झाले तर मला मनापासून आनंद होईल. पण ते टिकतील का, हे जाणत्यांनी सांगावे.

सुईदोरा:

पर्वरीवासी ताई, कापडाच्या दुकानात जाण्याआधी रॉडची जागा ठरवा, कारण पडद्याची सगळी मापे खिडकीवरून नव्हे, तर रॉडवरून निघतात. मी फोंड्यात घरूनच शिलाईची कामे घेते, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण खिडकीच्या चौकटीचे माप घेऊन येतात. तेवढ्याच मापाचा पडदा शिवला, तर दोन्ही कडांना उजेडाची फट राहते आणि पडदा बाजूला सारला तरी बरीचशी काच झाकलेलीच राहते. रॉड चौकटीच्या वर साधारण ६ इंच आणि दोन्ही बाजूंना ६-६ इंच बाहेर असावा. म्हणजे तुमच्या खिडकीला ७२ इंचांचा आणि दाराला ८४ इंचांचा रॉड लागेल.

आता रुंदी. पडदा पूर्ण ओढल्यावरही त्याच्या चुण्या दिसायला हव्यात, आणि त्यासाठी सपाट कापडाची रुंदी रॉडच्या किमान दीडपट, जमल्यास दुप्पट असावी लागते. पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ४८ किंवा ५४ इंचांचा असतो. आपण ४८ धरू. खिडकीला तीन पाट, म्हणजे पूर्ण पन्ह्याचे तीन तुकडे घ्यायचे, तिसरा पाट मधोमध उभा कापायचा आणि अर्धा-अर्धा उरलेल्या दोन पाटांना जोडायचा. जोडाची आणि कडांची दुमड वजा जाता प्रत्येक बाजूला सुमारे ६८ इंच कापड उरते, म्हणजे दोन्ही मिळून १३६ इंच. ७२ इंचांच्या रॉडवर ते जवळजवळ दुपटीचे होते. दारालाही तीनच पाट घेतले तर ८४ इंचांच्या रॉडवर ते दीडपटीहून थोडे अधिक भरतात, आणि रोज सरकवायच्या पडद्याला तेवढे पुरते.

लांबी अशी काढा. खिडकीची उंची ४८ इंच, वर ६ आणि खाली ६ इंच मिळून तयार पडदा ६० इंचांचा. दाराला ८४ अधिक वरचे ६ आणि जमिनीपासून १ इंच वर ठेवायचा म्हणून त्यातून १ वजा, म्हणजे ८९ इंच. दोन्हींत वरच्या दुमडीला ५ आणि खालच्या दुमडीला ५ इंच मिळवले की ७० आणि ९९ इंच होतात. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटते, हे धरून खिडकीच्या एका पाटाला १.८५ मीटर आणि दाराच्या एका पाटाला २.६५ मीटर घ्यावे लागते. सहा पाटांचे मिळून १३.५ मीटर. दुकानात १४ मीटर मागा. छापील कापडावर मोठी नक्षी असेल, तर ती जुळवण्यासाठी प्रत्येक पाटामागे नक्षीच्या एका पूर्ण आवर्तनाएवढे कापड आणखी लागेल, म्हणून बेताच्या पैशांत साधे, बारीक नक्षीचे किंवा उभ्या पट्ट्यांचे कापड निवडावे.

तयार पडद्यांबद्दल सांगायचे तर ते बाजारात साधारणपणे ४ फूट रुंदीचे आणि ५, ७ किंवा ९ फूट लांबीचे मिळतात. तुमच्या खिडकीला ५ फुटी बरोबर बसेल. दाराला मात्र ७ फुटी पडदा वरच्या मापाने ५ इंच तोकडा पडतो, आणि ९ फुटी घेतला तर १९ इंच कापडाचे पैसे देऊन ते कापून टाकावे लागते. शिवाय पाकिटात दोन पडदे असतात आणि दोनच लावून लोक समाधान मानतात. ८४ इंचांच्या रॉडवर दोन पडद्यांचे ९६ इंच म्हणजे चुण्या नावालाच राहतात. माझे एकच आग्रहाचे सांगणे आहे: हात आखडता घ्यायचा असेल तर तो कापडाच्या दरात घ्यावा, मापात घेऊ नये. स्वस्तातले साधे केसमेंट (पडद्यांसाठी वापरतात ते साधे कापड) भरपूर घेऊन शिवलेला पडदा, महागडे जॅकार्ड (विणीतच नक्षी असलेले कापड) काटकसरीने ताणून बसवलेल्या पडद्यापेक्षा नेहमीच चांगला पडतो आणि खोलीला शोभाही आणतो.

बार्देशी:

सुईदोरा ताईंचा हिशेब अगदी पटला. कापडाबाबत मात्र माझे मत पॉलिएस्टरच्या बाजूने आहे. आमचे घर समुद्रापासून फार लांब नाही. जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्या महिन्यांत जाड सुती पडदा धुतला तर तो वाळेपर्यंत त्याला कुबट वास लागलेला असतो. पॉलिएस्टरचा पडदा सकाळी धुवून पंख्याखाली टाकला की संध्याकाळपर्यंत पुन्हा लावता येतो, त्याला इस्त्री लागत नाही आणि तो आटत नाही.

रॉडविषयीही सांगतो, कारण लोक कापडाचा खूप विचार करतात आणि रॉड दुकानदार देईल तो घेतात. लोखंडी रॉडवरचा मुलामा खाऱ्या हवेत लवकर उडतो आणि त्याचा गंज पडद्याच्या वरच्या कडेला लागतो. तो डाग सहसा निघत नाही. स्टेनलेस स्टीलमध्येही २०२ आणि ३०४ असे दोन दर्जे सर्रास मिळतात. ३०४ मध्ये निकेलचे प्रमाण अधिक असल्यामुळे ते गंजाला जास्त दाद देत नाही. दर थोडा चढा असला तरी किनाऱ्यावरच्या तालुक्यांत तेच घ्यावे. पडद्याच्या कड्या, म्हणजे आयलेट, प्लास्टिकच्या घ्याव्यात. त्या स्वस्त असतात आणि गंजत नाहीत.

साष्टीकर:

मी काही वर्षे कापडगिरणीत रंगकामाच्या विभागात होतो, म्हणून सुती आणि पॉलिएस्टर यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सर्वसाधारण प्रमाणित हवेत सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर केवळ ०.४ टक्के. बार्देशी यांचा वाळण्याचा अनुभव यातून येतो. बुरशीचेही तसेच आहे. सुती धागा हा सेल्युलोजचा असतो, आणि ते बुरशीचे अन्न आहे. पॉलिएस्टरवर बुरशी धरते ती त्यावर साचलेल्या धुळीवर आणि तेलकटपणावर, धाग्यावर नव्हे. पण सुती कापडाला बुरशी लागते त्याचे एक मोठे कारण खळ असते. गिरणीतून आलेल्या कापडावर खळ असतेच, आणि आपणही कडकपणासाठी पुन्हा घालतो. शिवण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, चुबकून ती खळ काढून टाकली आणि पावसाळ्यात पुन्हा घातली नाही, तर निम्मा प्रश्न मिटतो. त्याच भिजवण्यात कापड आटूनही घेते.

दुसरी बाजूही पाहायला हवी. दारे-खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या घरांत सुती पडद्यातून वारा खेळतो, दाट विणीच्या पॉलिएस्टरने तो अडतो. शिवाय पॉलिएस्टर आचेने वितळून चिकटते. हॉलमध्येच देवघर असेल, समई तेवत असेल, किंवा चवथीला गणपती तिथेच बसत असेल, तर पडदा सुती असो वा पॉलिएस्टरचा, तो दिव्यापासून लांब बांधून ठेवावा, आणि पॉलिएस्टरच्या बाबतीत हे विशेष जपावे.

दुकानदार सुती म्हणून मिश्र कापड देतो आहे का, हे पाहायचे असेल तर कडेचा एक दोरा ओढून घ्यावा आणि घराबाहेर, चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर आकसते आणि टोकाला कडक गोळी होते. दोन्ही दिसले तर कापड मिश्र आहे, आणि खरे सांगायचे तर तुमच्या गरजेला मिश्र कापड वाईट नाही. रंग पक्का आहे का, हे ओला पांढरा रुमाल कापडावर घासून पाहावे. छपाई हाताला जाड आणि चिकट लागत असेल, तर ती कापडात मुरलेली नसून वर बसवलेली असते आणि घासणीने हळूहळू उडते.

पश्चिमेच्या उन्हाबद्दल एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. काचेतून आत आलेली उष्णता आतल्या पडद्याने थोडीच अडते. डोळ्यांवरची तिरीप जाते, फिकट रंगाचे अस्तर काही ऊन परत फेकते, पण खोली खरोखर थंड ठेवायची असेल तर ऊन काचेच्या बाहेरच अडवावे लागते. आपल्या जुन्या घरांची पुढे आलेली कौलारू छपरे आणि उन्हापावसाच्या बाजूला बांधलेली चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची आडोशाची वीण याच कामासाठी असत. बाल्कनीच्या बाजूला बांबूची चिक (काड्यांचा गुंडाळता येणारा पडदा) लावता आली, तर आतल्या पडद्यासाठी जाड कापड घेण्याची गरजच उरत नाही.

दिवाडकाठ:

आमचे घर जुने आहे आणि तिथे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलेला आहे, म्हणून लिहिते. अशा घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लाकडी चौकटींत बसवलेले चपट्या शिंपल्यांचे तुकडे असत. त्यांतून उजेड दुधाळ होऊन येतो आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही, त्यामुळे आडोशासाठी पडदा लागतच नाही. आजच्या सरकत्या काचांना तसा मंद उजेड हवा असेल, तर पांढरा किंवा कोरा मांजरपाट अस्तर न लावता वापरून पाहावा. मांजरपाट स्वस्त असतो, धुण्यागणिक मऊ होतो, आणि दुपारचे ऊन त्यातून फार सुंदर उतरते. तो बराच आटतो मात्र, म्हणून आधी दोनदा भिजवून घ्यावा.

कुणाला गोव्याचे काही घरात असावे असे वाटत असेल, तर कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्यांचा विचार जरूर करावा. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी या साडीच्या पुनरुज्जीवनासाठी पुष्कळ काम केले, आणि आता हातमागावरचे तसे कापड मिळते. हातमागाच्या दरात सबंध पडदा पाच हजारांत बसणार नाही, पण साध्या पांढऱ्या पडद्याच्या खाली अशा कापडाची हातभर पट्टी जोडली तरी खोलीचे रूप बदलते. विणकराला त्याचे मोल पूर्ण द्यावे आणि कापड कमी घ्यावे, असे मला वाटते.

चिरेबंदी:

भिंतीविषयी कुणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. खिडकीच्या थेट वर काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असतो आणि तो चौकटीच्या दोन्ही बाजूंना काही इंच पुढे गेलेला असतो. तिथे भोक पाडायला हॅमर ड्रिल लागते, पण स्क्रू कायमचा घट्ट बसतो. लिंटेलच्या बाहेर भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची असेल, तर चिरा एकसारखा नसतो. एखाद्या ठिकाणी तो भुसभुशीत लागतो आणि छोटी गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवतात तो प्लग) स्क्रूसकट बाहेर येते. तिथे लांब गिट्टी आणि लांब स्क्रू वापरावा, आणि भोक पाडताना लाल पूड फार सैल पडू लागली तर दोन इंच सरकून दुसरी जागा घ्यावी. ६-७ फुटांच्या रॉडला मध्ये तिसरा ब्रॅकेट हवाच, नाहीतर अस्तर लावलेल्या पडद्याने तो मधोमध झुकतो. ज्यांना भोके पाडायची मुळीच परवानगी नाही, त्यांनी चौकटीच्या आत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड घ्यावा. तो ४ फुटांपर्यंत आणि हलक्या कापडाला ठीक चालतो.

मडगावची:

शिवणकाम अजिबात येत नसलेल्यांसाठी माझा उपाय सांगते. डबल बेडची सुती चादर बहुधा ९० बाय १०० इंचांची असते. ती न कापता आडवी टांगली, तर रुंदी १०० इंच आणि लांबी ९० इंच मिळते, आणि ताईंच्या दाराला लागणारी लांबी ८९ इंच आहे. दोन चादरी आणि चिमट्यांच्या रिंगा घेतल्या की एकही टीप न मारता दाराचा पडदा तयार होतो, आणि दोन चादरींचे २०० इंच म्हणजे ८४ इंचांच्या रॉडवर दुपटीहून जास्त भरतात. रिंग आणि चिमटा मिळून कापड दीडदोन इंच खाली येते, म्हणून रॉड तेवढा वर घ्यावा. घर बदलले की त्या पुन्हा चादरी म्हणून वापरता येतात. चारही बाजूंनी काठ छापलेली चादर मात्र मध्ये कापू नये, कारण कापलेल्या कडेला काठ उरत नाही आणि दोन पडदे एकमेकांना जुळत नाहीत. आडवी टांगल्यावर फुलापानांची नक्षी आडवी पडणार नाही ना, हेही विकत घेतानाच पाहावे.

पर्वरीवासी:

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या बारकाईने कुणी सांगेल असे वाटले नव्हते. साड्यांबद्दल अजून विचारायचे आहे. सासूबाईंची एक फिकट हिरवी सुती साडी आहे, काठ आणि पदर मरून रंगाचे आहेत. त्यांना विचारले तेव्हा त्या आनंदाने हो म्हणाल्या. साडी कशी कापावी? तिला अस्तर लावावे का? आणि खिडकीला कड्या लावाव्यात की नेफा करावा?

सुईदोरा:

साडी आधी दिवसा खिडकीसमोर धरून सबंध पाहून घ्या. नेसताना पायाशी येणारी खालची कड आणि कमरेला खोचला जाणारा भाग यांची वीण विरळ झालेली असते. बोटांनी हलकेच ताणल्यावर दोरे सरकत असतील, तर ती साडी पडद्याला घेऊ नये. पश्चिमेच्या उन्हात ती एका उन्हाळ्यात फाटेल. वीण शाबूत असेल तर पुढचे वाचा.

साडी ५.५ मीटर लांब आणि साधारण ४५ इंच रुंद असते. तुमच्या खिडकीच्या एका पाटाला ७० इंच, म्हणजे सुमारे १.७८ मीटर लागते. वापरलेली साडी आता आटत नाही, म्हणून जादा धरायला नको. तीन पाटांचे ५.३४ मीटर होतात, म्हणजे एका साडीत तुमची सबंध खिडकी बसते आणि उरलेल्या तुकड्यात बांधायचे पट्टेही निघतात. पदर ज्या पाटात येतो तोच पाट मधोमध उभा कापा, आणि पदराची नक्षी त्या पाटाच्या खालच्या टोकाला येईल अशी दिशा ठेवा. कापलेल्या कडा खिडकीच्या मध्यावर समोरासमोर ठेवून काठाची बाजू सबंध पाटाला जोडली, तर पडदे ओढल्यावर दोन अर्ध्या पदरांची नक्षी मध्ये एक होते, आणि काठांच्या मरून उभ्या रेघा दोन्ही बाजूंना सारख्या येतात. कापताना कात्री डोळ्यांच्या अंदाजाने चालवू नका. आडवा एक दोरा सुईने उचलून हळूहळू ओढून काढा; त्याच्या जागी जी बारीक रेघ दिसते तिच्यावरून कापले की पाट काटकोनात निघतो आणि पडदा एका बाजूला लोंबत नाही.

अस्तर या खिडकीला अवश्य लावा, कारण ऊन सहन करण्याचे काम नव्या अस्तराने करायचे आहे, जुन्या साडीने नव्हे. पांढरे किंवा मलईच्या रंगाचे साधे सुती अस्तर आधी भिजवून, वाळवून, मगच कापावे. ते पडद्यापेक्षा १ इंच आखूड ठेवावे, वरच्या नेफ्यात आणि दोन्ही उभ्या कडांना जोडावे, आणि खालची कड मात्र सुटीच ठेवावी. दोन कापडे धुण्यात कमीजास्त आटतात. खालीही शिवून टाकले तर पडद्याला झोळ येतो आणि तो उसवल्याशिवाय सरळ होत नाही.

खिडकीचा पडदा दिवसातून एकदोनदाच हलवायचा असतो, तेव्हा तिथे नेफा पुरेसा आहे आणि त्याला काही खर्च येत नाही. १ इंच जाडीच्या रॉडला सपाट मापाने अडीच इंचांचा नेफा ठेवा. त्याच्या वर इंचभर कापड मोकळे सोडले की वरून छोटी झालर दिसते. बाल्कनीचे दार दिवसभर उघडते आणि मिटते, तिथे कड्याच हव्यात, कारण नेफ्याचा पडदा रॉडवर अडकतो आणि सारखा ओढून वरच्या कडेला फाटतो. दाराच्या प्रत्येक बाजूला ६८ इंच कापड आहे, त्याला १२ कड्या सुमारे ६ इंचांच्या अंतराने बसतात. कड्यांची संख्या नेहमी सम ठेवावी, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा एकाच दिशेला, भिंतीकडे वळतात. कड्यांच्या पट्टीत आत बकरम (कडक अस्तराची पट्टी) घालायला विसरू नका. नुसत्या कापडात भोक पाडून कडी बसवली तर तिच्याभोवतीचे दोरे सुटू लागतात.

शिवताना आधी उभे जोड, मग उभ्या कडा, मग वरची बाजू, आणि खालची दुमड सगळ्यांत शेवटी, असा क्रम ठेवा. केसमेंटला १४ नंबरची सुई आणि साडीला ११ नंबरची सुई लावा, टाका थोडा मोठा ठेवा, आणि दोरा पॉलिएस्टरचा घ्या, कारण उन्हात आणि दमट हवेत तो सुती दोऱ्यापेक्षा जास्त टिकतो. खालच्या दुमडीला लगेच यंत्राची टीप मारू नये. हाताने कच्ची टीप घालून पडदा दोनतीन दिवस टांगून ठेवावा. कापड स्वतःच्या वजनाने थोडे उतरते, आणि उतरल्यावर जमिनीपासूनचे अंतर पुन्हा मोजून मगच पक्की टीप मारावी. तुमचे घर भाड्याचे आहे, तेव्हा दाराच्या पडद्याला खाली दुमड जास्त ठेवता आली तर ठेवा. पुढच्या घराचे दार उंच निघाले तर दुमड उसवून पडदा लांब करता येतो.

बार्देशी:

साडीची ही कल्पना वाचून मलाही पॉलिएस्टरचा हट्ट सोडावासा वाटू लागला आहे. तरीही एक सुचवतो. पावसाळ्याचे चार महिने साडीचा पडदा उतरवून ठेवावा आणि त्या खिडकीला ५ फुटी तयार, पातळ पॉलिएस्टरचे पडदे लावावेत. झड त्याच बाजूने येते, तेव्हा भिजणार ते पॉलिएस्टर भिजो.

पर्वरीवासी:

आता ठरवलेले सांगते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल. साडीची वीण शाबूत निघाली, तेव्हा खिडकीला साडी आणि अस्तर. दाराला बिस्किटी रंगाचे साधे केसमेंट म्हापशाच्या बाजारात १३५ रुपये मीटरने मिळाले. ८ मीटरचे १०८० रुपये झाले. अस्तराचे ५.६ मीटर ७५ रुपयांप्रमाणे ४२० रुपये. तिसऱ्या ब्रॅकेटसह ३०४ दर्जाचे दोन रॉड १६५० रुपये, २४ प्लास्टिकच्या कड्या १९२ रुपये, बकरम, दोरा आणि सुया मिळून ११० रुपये, भोके पाडणाऱ्या कारागिराचे ३०० रुपये. एकूण ३७५२ रुपये. बार्देशी दादांच्या सांगण्याप्रमाणे पावसाळ्यासाठी पातळ तयार पडद्यांची जोडी ५०० रुपयांना घेतली, तरी ४२५२ रुपयांतच सगळे भागते. उरलेले पैसे बाल्कनीच्या चिकेसाठी बाजूला ठेवले आहेत.

उतरवलेला साडीचा पडदा पावसाळाभर कसा ठेवावा, आणि चुकून बुरशीचे काळे ठिपके आले तर काय करावे, एवढे कुणी सांगाल का?

साष्टीकर:

ठेवण्याआधी धुवून, खळ न घालता, कडक उन्हात पूर्ण वाळवावा, म्हणजे मे महिन्यातच उतरवावा. पाऊस सुरू झाल्यावर उतरवलेला पडदा पूर्ण वाळला की नाही, हे हाताला कळत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, आतला ओलावा आतच राहतो. जुन्या सुती पंच्यात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवावा आणि पावसाने उघडीप दिली की एकदा हवेवर टाकावा.

ठिपके दिसले तर पडदा आधी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावा, म्हणजे बुरशी घरात पसरत नाही. नाकाला फडके बांधावे. मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवून, ठिपक्यांवर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात टाकावा. हिरव्या-मरून साडीचा रंग लिंबाने उतरत नाही ना, हे आतल्या दुमडीवर आधी पाहून घ्यावे. ब्लीचचे पाणी फक्त पांढऱ्या सुती अस्तरालाच लावावे, तेही अस्तर सुटे करून, आणि ब्लीच लिंबू किंवा व्हिनेगर यांच्याबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो घातक ठरतो.

सुईदोरा:

अस्तर धुण्यासाठी सुटे करायचे असेल, तर ते साडीला कायमचे शिवण्याऐवजी वरच्या कडेला छोट्या टिचबटणांनी अडकवावे. दर ८-९ इंचांवर एक टिचबटण पुरते. खिडकीच्या दोन्ही पडद्यांना मिळून १६ ते १८ लागतील. मे-जूनमध्ये शाळांचे गणवेश आणि त्यामागून चवथीचे कपडे येतात, त्या दिवसांत आम्हा शिवणाऱ्यांकडे वेळ उरत नाही. कुठे अडलात तर त्याआधी, आठवड्याच्या मधल्या दिवसांत इथेच विचारा, मी उत्तर देईन.